लेकींना तिकीट नसे

बायांच्या गेटावर पुरुष बसवला की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो लाजून मान खाली घालतो आणि दहा जणी फुकट आत जातात, नाहीतर तो लाजत नाही आणि मग मारामारी होते. तुमसरच्या आसपासच्या नाटक मंडळांना हा शोध लागला आणि त्यातून माझी नोकरी उभी राहिली. माझे यजमान कनाती-मंडप भाड्याने देत. एका गावात गेटावर असाच तंटा झाला, तेव्हा घरी येऊन म्हणाले, "उद्यापासून तूच चाल. तुले पाहून कोनी फुकट जायची हिंमत नाही करनार." हे कौतुक होतं की टोमणा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आमच्या झाडीपट्टीत इतरांची दिवाळी संपते तेव्हा आमची खरी सुरू होते. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, आज या गावची, उद्या शेजारच्या. दिवसा गाई राखणाऱ्या गोवाऱ्यांचा नाच, जिलेबीची दुकानं, पाहुण्यांची रीघ, आणि रात्री नाटक. नाटक गावचंच. शाळेतले गुरुजी राजा, पाटलाचा पोरगा खलनायक, हिरोईन तेवढी नागपूरहून आणायची. गोष्ट सगळ्यांना पाठ असे. लोक यायचे ते गाण्यांसाठी. एकेका गाण्याला चार-चार वन्समोअर. मी स्वतः पाहिलं आहे, पोटात सुरा खुपसून मेलेला नायक वन्समोअर मिळाला म्हणून उठला, धोतर झटकलं, गाणं पुन्हा म्हटलं आणि पुन्हा मेला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिकिटाचा धंदा बाहेरून सोपा दिसतो. तीन जाती होत्या: खुर्ची, जमीन आणि बाया. बाया ही वेगळी जात का, असं मी विचारलं तेव्हा एका अध्यक्षांनी सांगितलं, "बाया लेकरं घेऊन येतेत ना." जशी काही लेकरं बायांनी एकट्यांनीच आणली होती. तिकिटाचा रंग मंडळ ऐन दुपारी ठरवायचं, कारण गेल्या वर्षीचं तिकीट ट्रंकेत जपून ठेवणारी चिक्कू माणसं प्रत्येक गावात असतात. अर्धं तिकीट मी फाडून ठेवायची, अर्धं तिच्या हातात. ओळख सांगून घुसणाऱ्या तर विचारू नका. एकाच मंडईत एकाच फौजदारसाहेबांच्या तीन मेहुण्या माझ्या गेटावर आल्या. साहेबांचं लग्न व्हायचं होतं.

माझं दुसरं काम दुपारचं. दिवसाउजेडी बाया येऊन आपापल्या जागेवर गोणपाटाचा बोरा अंथरून जात, वर एक दगड ठेवून. दगड ठेवला की जागा तिची. बोऱ्यावर नाव नसे, नंबर नसे, पण दुसऱ्याच्या बोऱ्याला कुणी हात लावत नसे. मी तिथे नुसती बसून असायची. सासू-सुनांचे बोरे शेजारी-शेजारी पडले तर मात्र मध्ये पडावं लागे.

आणि एक रीत होती, तिच्यासाठी हे सगळं सांगते आहे. त्या गावच्या लेकीला तिकीट नसे. लग्न होऊन गेलेली लेक मंडईला माहेरी आली, की तिने गेटावर यायचं आणि बापाचं नाव सांगायचं. मी विचारायची, "कोनाची वं तू?" ती नाव सांगायची, आसपासचे दोघे-चौघे मान हलवायचे, की ती आत. बाप मेलेला असला तरी नाव चालायचं. एकदा एका सुनेने लेक म्हणून घुसायचा प्रयत्न केला, तर तिचा स्वतःचा सासराच मागून ओरडला, "खोटी हाय वं थे, माह्या घरची सून हाय!" मंडई भरते ती लेकी याव्यात म्हणूनच, मग त्यांनाच कसलं तिकीट, असा सरळ हिशेब होता.

बपेऱ्याची पारबता मला अशीच गेटावर भेटली. मध्य प्रदेशची हद्द जवळ असलेलं हे गाव. पारबताला चिखल्याला दिली होती. नवरा खाणीत उतरायचा, ती वर मॅंगनीजचे दगड निवडायची. तिचे कान गेलेले होते. कुणी म्हणे मशिनीच्या आवाजाने, कुणी म्हणे तापाने. स्वतःचा आवाजही ऐकू येत नसल्यामुळे ती फार मोठ्याने बोलायची. अजून चौकात असायची तेव्हाच मला कळायचं की पारबता आली. "उरकुडाची पारबता!" मी विचारायच्या आधीच ती ओरडायची, आणि अख्खी रांग हसायची. तीही हसायची.

ठार बहिरी बाई गाण्यांच्या नाटकाला कशाला येते, हे मला पहिल्या वर्षी कळलं नाही.

तिचा धाकटा भाऊ गणपत गावच्या नाटकात तबला वाजवायचा. लहानपणी विहिरीवर पारबताचा पाण्याचा पितळी गुंड रिकामा असे तोवर तो त्याच्यावर बोटं वाजवायचा आणि ही गाणी म्हणायची, असं गावातल्या बाया सांगत. तिथूनच त्याचा तबला सुरू झाला. वाजवणारे रंगमंचाच्या पुढे, खाली, एका लाकडी तखतावर बसत. पारबता आपला बोरा बरोबर त्या तखताला लागून टाकायची. संध्याकाळी गणपत हातोडीने तबला सुरात लावायचा, ही तळहात तखतावर ठेवायची. मग तो डग्ग्यावर एक थाप मारून तिच्याकडे पाहायचा. तिने मान हलवली की तो पेटीवाल्याला म्हणायचा, "होऊ द्या." बपेऱ्यात पारबताने मान हलवल्याशिवाय नांदी सुरू होत नसे. पाटील घाई करायचे, पण तेही थांबायचे.

मी एकदा खुणेने तिला विचारलं, काय कळतं तुला? तिने माझा हात धरून तखतावर ठेवला. गणपत वाजवत होता. मला नुसतं लाकूड थरथरल्यासारखं वाटलं. मी तसा चेहरा केला तर ती म्हणाली, "तुले कान हायेत ना वं बाई, म्हनून तुले नाही समजत."

रात्रभर तिचा हात तिथेच असे. तळहात मॅंगनीजने काळा पडलेला, रेघांत शिरलेला रंग कधीच न निघणारा. गाण्याच्या जागी तिचे ओठ हलायचे आणि ते बरोबर सुरू होऊन बरोबर थांबायचे. मी गेटावरून कनात बाजूला करून हे पाहायची, आणि मला तिचा हेवा वाटायचा.

ऐंशी सालाच्या पुढे एक शेठ आले. त्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळे 'कंपनी'च म्हणत. आधी त्यांनी मंडप घेतले. आमचेही घेतले. भाव चांगला दिला, आणि यजमान म्हणाले की नाही म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी त्यांनी निम्म्या भाड्यात मंडप लावले असते. मग माइकचे संच, मग जनरेटर. मग नागपूरच्या हिरोइनी पूर्ण हंगामासाठी बांधून घेतल्या. शेवटी ते गावांकडे आले आणि रात्रच विकत मागायला लागले. एकरकमी पैसे मंडळाला, पुढे नाटक कंपनीचं, मंडप कंपनीचा, गेट कंपनीचं, तिकीट कंपनीचं. नुसती हिरोईन पाहिजे म्हणाल तर मिळायची नाही. सगळं घ्या, नाहीतर काहीच नको.

खोटं कशाला बोलू, कंपनीत चांगलंही पुष्कळ होतं. उजेड लखलखीत. नाटक वेळेवर सुरू व्हायचं. मारामाऱ्या बंद झाल्या. हिरोइनींना ठरलेले पैसे ठरल्या दिवशी मिळायचे; आधी मंडळं त्यांना गोड बोलून, चिवड्याची पुडी देऊन वाटेला लावत, ते मी पाहिलेलं आहे.

बपेऱ्याने एक वर्ष दम धरला. मंडळाचा अध्यक्ष दामाजी, पाटलाचा पोरगा, नाटकातला तोच तो खलनायक, बैठकीत गरजला, "हिरोईन नाही तर नाही! पह्यले गडीच पातळ नेसून नाचत होते ना गा?" त्या वर्षी नामदेव नावाच्या आडदांड माणसाने मिशा काढून नायिका केली. पण त्याच दिवशी पलीकडच्या गावात कंपनीचं नाटक होतं, आणि तिकडचा उजेड आमच्या गेटावरून दिसत होता. बपेऱ्याचीच अर्धी माणसं तिकडे गेली. आमच्या मंडपात कुत्री निवांत फिरत होती. गणपतने मात्र त्या रात्री तबला असा वाजवला की पेटीवाला मध्येच थांबून ऐकत बसला. पारबता तिच्या जागेवर होती. तखतावरचा तिचा तो हात मी शेवटचा पाहिला, पण तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी बपेऱ्याने रात्र दिली.

कनातींच्या मागोमाग कंपनीने त्या वर्षी मलाही घेतलं. काम तेच, गेट तेच, फक्त वर मॅनेजर. बारीक, नम्र माणूस, मला काकू म्हणायचा. मी लेकींच्या रीतीबद्दल त्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, इथं आलेली प्रत्येक बाई कोनाची ना कोनाची लेकच हाय. सोडत बसलो तं तिकीट कोन घेईन?" त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं चूक नव्हतं. 

दुपारी बाया बोरे टाकून गेल्या. कंपनीच्या माणसांनी ते सगळे गोळा करून गेटाबाहेर ढीग घातला, कारण आत आता खुर्च्या होत्या आणि जमिनीवाले पार मागे. संध्याकाळी बाया आल्या आणि त्या ढिगातून आपापला बोरा शोधायला लागल्या. कुणी भांडलं नाही. बोरा सापडला की झटकायचा, काखेत मारायचा आणि तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"उरकुडाची पारबता!"

मी मान खाली घातली. मग हातातलं तिकीट वर करून तिला दाखवलं आणि बोटांनी पैशांची खूण केली. ती हसली. तिला वाटलं मी मस्करी करते आहे. पुन्हा म्हणाली, "उरकुडाची पारबता!" मी पुन्हा तीच खूण केली. तिने रांगेकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, माझ्या मागे उभ्या मॅनेजरकडे पाहिलं. आणि तिसऱ्यांदा बापाचं नाव सांगितलं ते अगदी हळू. त्या बाईचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

माझा जीव तुटला, पण मी गेट सोडलं नाही. गावच्या बायांनीच मग पदराच्या गाठी सोडल्या आणि मिळून तिच्यासाठी पहिल्या रांगेतल्या खुर्चीचं तिकीट काढलं. खुर्चीत बसलेली पारबता मी कनातीतून पाहिली. तखत नव्हतं. कंपनीचे वाजवणारे बाजूला उंच मचाणावर होते, पुढे बांबूचा कठडा. तबला वाजवणारा नागपूरचा, चांगला तयारीचा. गणपतला कुणी नको म्हटलं नव्हतं, त्याला फक्त कुणी बोलावलंच नव्हतं. तो गेटाबाहेर माझ्या टेबलाजवळ येऊन बसला होता, नव्या सदऱ्यात. सदरा दरवर्षी मंडईसाठी शिवायचा, तो याही वर्षी शिवलेला.

पहिलं गाणं संपायच्या आत पारबता बाहेर आली. भावासमोर उभी राहून म्हणाली, "गणपत, थो नुसता बोटं हालवून राहिला. माह्या हाताले काहीच येत नाही."

गणपतने वर पाहिलं. मग माझी तिकिटांची लाकडी पेटी ओढली, तिकिटं टेबलावर ओतली, पेटी पालथी मांडीवर घेतली आणि बहिणीचा हात धरून पेटीच्या काठावर ठेवला. आत दुसरं गाणं लागलं होतं, भोंग्यातून सगळं ऐकू येत होतं. त्या गाण्याबरोबर तो पेटीवर वाजवू लागला. पारबता खाली बसली. हळूहळू तिचे ओठ हलायला लागले. उशिरा आलेल्या बाया तिकिटं हातात घेऊन तिथेच थांबल्या. आतून एक-दोघी बाहेर आल्या, मग आणखी चार.  कंपनीचं गाणं बपेऱ्याच्या माणसाने वाजवलेलं आम्ही ऐकत होतो, आणि खरं सांगते, आतल्यापेक्षा ते सरस होतं.

मॅनेजर बाहेर आला. रागावला नाही. "काकू, बाहेरच कार्यक्रम होऊन राहिला, लोक आत कायले बसतीन?" असं म्हणून त्याने वाकून गणपतच्या मांडीवरून पेटी उचलली आणि काखेत घेतली. पेटी कंपनीचीच होती. गणपतचे हात क्षणभर तसेच राहिले, वाजवायच्या तयारीत. पारबताचा हातही.

दुसऱ्या दिवशी गणपतने तिला पुढच्या गावच्या मंडईला नेलं. तिथे मीच गेटावर होते आणि तिथेही मचाण होतं. तिसऱ्या गावी तेच. आधी एका मंडळाशी बिनसलं तर माणूस दुसऱ्या गावी जायचा, तिथली रीत वेगळी, जागा वेगळी, माणसं वेगळी. आता सगळीकडे एकच कनात, एकच कठडा आणि गेटावर मी. तिसऱ्या गावी गणपत मला म्हणाला, "माह्या बहिनीचे कान गेले तवा मी नाही रडलो. म्हटलं, हात हाय ना. आता हाताले काय देऊ सांगा काकू?" मी त्यांच्यासाठी चहा मागवला. दुसरं काय करणार होते?

त्यानंतरच्या वर्षी कंपनीने गेटावर पत्र्याची खोली आणली. आत मी, समोर लाकडी फळी आणि फळीच्या वर हात जाईल एवढंच भोक. मॅनेजरला वाटलं मी खूश होईन, थंडीचा वारा लागणार नव्हता. खोलीत बसलं की माणसं दिसायचीच बंद झाली. भोकातून हात यायचा, पैसे ठेवायचा, तिकीट घेऊन जायचा. "कोनाची वं तू?" विचारायची गरजच उरली नाही. पण सवय वाईट असते. मी हातांवरूनच ओळखायला लागले. मेंदी लावलेला हात नव्या नवरीचा. भेगांत चिखल वाळलेला, ती सकाळी भाताच्या बांधीत धान कापून आलेली. चेहरे गेले तसे मी हात धरून ठेवले.

गणपत नागपूरला एका बँडबाजात लागला होता. लग्नसराईत मोठा ढोल वाजवायला. मंडईच्या दिवसांत त्याला सुट्टी मिळेना, असं बपेऱ्यात कळलं.

बपेऱ्याच्या मंडईला रांग मोठी होती. हातामागून हात येत होते आणि मी फाडत होते. एक हात आला आणि त्याने पैसे ठेवले नाहीत. नुसता फळीवर पालथा पडला, बोटं पसरून, दाबून. तळहात वर नव्हता, पण बोटांच्या कडा आणि नखांच्या रेघा काळ्या होत्या. मॅंगनीजचा काळा. बाहेरून कुणी बापाचं नाव सांगितलं नाही.

मी म्हटलं, "पारबता?" ते कुणाला ऐकू जाणार होतं! चेहरा दिसावा म्हणून मी वाकले, पण भोक लहान होतं.

तिला तिकीट नको होतं. तिने लाकूड पाहिलं होतं आणि त्याच्यावर हात ठेवला होता. तो हात वाट पाहत होता. मागून रांग ओरडायला लागली, "चाला ना वं समोर!" मी माझी बोटं फळीवर आपटली. एकदा. मग दोनदा. मग काहीतरी भराभर. जन्मभर मी नाटकाच्या दारात बसले होते, हजार गाणी कानांवरून गेली होती, पण मला ताल येत नाही. कधीच आला नाही.

तिचा हात थोडा वेळ ऐकत राहिला. मग सरकत माझ्या बोटांवर आला आणि त्याने दोनदा हलकेच थोपटलं, लहान पोराला राहू दे म्हणावं तसं. आणि निघून गेला.

लगेच पुढचा हात आला, नोट घेऊन. "एक बाई," बाहेरून आवाज आला. मी तिकीट फाडून दिलं.